बसने कोण आलं?

अबू कुतैबांनी हात वर केला तो कॉफी नको म्हणून. हे सुरुवातीलाच नीट सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे इर्बिद शहरात त्या हाताबद्दल बरंच बोललं गेलं आणि त्यातलं काहीच खरं नव्हतं.

झालं असं, की शहराच्या कचेरीत परदेशी निधीतून एक कार्यशाळा भरली होती. लोकांनी आपापल्या गाड्या घरी ठेवाव्यात, थोडं चालावं, थोडं वाटणीच्या सर्विस टॅक्सीनं जावं, थोडं बसनं जावं, आणि असं तुकड्यातुकड्यांनी कामावर पोचून शहराची हवा चांगली राखावी, असा एकूण मतलब होता. अबू कुतैबा बागा खात्याचे उपप्रमुख. त्यांचा या विषयाशी संबंध एवढाच, की दुपारच्या जेवणात मनसफ, म्हणजे दह्यात शिजवलेलं मटण आणि भात, होतं आणि मेंढी गावठी असल्याची बातमी खात्रीच्या माणसाकडून आली होती. ते पहिल्या रांगेत बसले, कारण गार हवेचा झोत थेट तिथेच येतो.

आता आपल्याकडे कडू कॉफी वाढणाऱ्याचा हात तोंडानं नको म्हणून थांबत नाही. पेला बोटांत धरून हलवावा लागतो, तोवर तो ओततच राहतो. अबू कुतैबांची पोटात जाईल तेवढी कॉफी झाली होती. वाढपी रांगेच्या टोकावरून वळून पुन्हा इकडेच येत होता आणि त्याची नजर भलतीकडे होती. म्हणून त्यांनी पेला डोक्याच्या वर नेला आणि जोरजोरात हलवला. नेमक्या त्याच क्षणी व्यासपीठावरच्या आन्नेके बाईंनी, म्हणजे हॉलंडहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी, दुभाष्या मुलीमार्फत सभागृहाला विचारलं होतं, "आज इथे बसने कोण आलं?"

सभागृह अधिकाऱ्यांनी भरलेलं होतं आणि बाहेरचा रस्ता त्यांच्या गाड्यांनी. काही गाड्या फुटपाथवर चढल्या होत्या, कचेरीच्या संचालकसाहेबांची तर रुग्णवाहिकेसाठी राखलेल्या जागेत होती. वर गेलेला हात एकच होता, आणि तो नुसता वर नव्हता, उत्साहानं हलत होता. बाईंचे डोळे भरून आले. त्या खाली उतरल्या, त्यांनी अबू कुतैबांचा पेल्यासकट हात धरला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्याच वेळी "मी कॉफीला नको म्हणत होतो" एवढं सांगून टाकता आलं असतं. पण पाहुण्या बाईच्या चेहऱ्यावर आनंद पसरलेला असताना तो पुसायचा कुणी? घरी आलेल्या पाहुण्यानं तुमच्या भिंतीवरच्या चित्राचं कौतुक केलं तर ते चित्र मागच्या भाडेकरूचं आहे असं आपण सांगत नाही. अबू कुतैबा छातीवर हात ठेवून किंचित वाकले. संपलं. बाईंनी जाहीर केलं की या आदर्श नागरिकाच्या प्रवासावर फिल्म काढायची.

संचालकसाहेबांनी त्यांना खांबाआड घेतलं. "अबू कुतैबा, तुमची गाडी कुठंय?"

"खाली. तुमच्या गाडीच्या मागे अडकलीय."

"ती आता विसरा. फिल्म पूर्ण होऊन दाखवली जाईपर्यंत तुम्ही स्टीअरिंगला हात लावलेला कुणाला दिसता कामा नये. निधीचा पुढचा टप्पा तुमच्या पायांवर उभा आहे."

अबू कुतैबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. त्या पायांना पाव आणायला कोपऱ्यावर जायचं असलं तरी गाडी लागत असे.

घरी त्यांची बायको, उम्म कुतैबा, भरण्यासाठी छोटे भोपळे कोरत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो अबू कुतैबा, तुम्हाला बस कुठे थांबते ते तरी ठाऊक आहे का? पुढच्या शुक्रवारी मुलाची जाहा न्यायचीय. मला या घरात दुसरा कसलाही घोळ नकोय."

तिचं बरोबर होतं. मुलगा कुतैबा यानं कष्टानं एक मुलगी पसंत केली होती. कष्टानं अशासाठी, की याआधी आईनं दाखवलेल्या सगळ्या मुलींना तो नाही म्हणत आला होता, आणि ही सनद नावाची दातांची डॉक्टरीण त्यानं स्वतःहून दाखवली तेव्हा उम्म कुतैबा स्वयंपाकघरात जाऊन रडून आली होती. मुलीचे वडील हाजी फव्वाज म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. बोलणं कमी, ताठ मान, आणि कुळाची चौकशी केल्याशिवाय घरात मांजरसुद्धा न घेणारे. जाहा, म्हणजे वडीलधाऱ्यांचा जथा, मुलीच्या दारी मागणी घालायला जायचा होता. त्याआधीचे दिवस हाजींचे लोक मुलाच्या वस्तीत चौकशी करणार, हे उघड होतं. अशा मोक्याच्या वेळी घरच्या कर्त्या माणसानं काय करू नये याची यादी केली असती, तर त्यात सर्वांत वर असतं ते भर वस्तीतून पायी फिरणं.

अबू कुतैबांनी आपल्या पांढऱ्या जपानी गाडीवर कापडी खोळ चढवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोट घालून बाहेर पडले. वरच्या मजल्यावरचे उस्ताद मुफ्लिह, निवृत्त मुख्याध्यापक, कोपऱ्यावरच गाडी घेऊन भेटले. काच खाली झाली.

"बसा."

"नको उस्ताद, मी चालतोय."

"ते दिसतंय. म्हणूनच म्हणतो बसा."

"मुद्दाम चालतोय."

उस्तादांनी गाडी रस्त्याच्या मधोमध बंद केली. मागे भोंगे सुरू झाले. "माझ्या गाडीत काय वाईट आहे, अबू कुतैबा? गेल्या रमजानात माझ्या नातवानं तुमच्या गॅलरीत चेंडू मारला, ते अजून मनात आहे का?"

शेजाऱ्यानं दिलेली जागा नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. अबू कुतैबा बसले. कचेरीच्या अलीकडे एक वळण असताना उतरले आणि बसमधून आल्यासारखा कोट झटकत आत गेले. दुसऱ्या दिवशी घाऊक तांदळाच्या व्यापाऱ्यानं उचललं. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसानं, तो दूर अज्लूनकडे निघाला होता पण यांच्यासाठी उलटा वळला. पायी चालणं या शहरात जमण्यासारखं नव्हतं, कारण लोक फार चांगले होते. शेवटी अबू कुतैबा कचऱ्याच्या मोठ्या पेटीआड उभे राहून बसची वाट पाहायला लागले, आणि बागा खात्याच्या उपप्रमुखाला पेटीआड लपलेलं ज्यांनी पाहिलं त्यांनी शरमेनं मान वळवली.

बस म्हणजे छोटी कोस्टर. ती भरल्याशिवाय हलत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते सगळ्यांत आधी चढले, खिडकीची चांगली जागा धरली आणि चालकाला म्हणाले, "चला."

चालकानं आरशातून पाहिलं. "काका, एकट्यालाच नेऊ?"

मग माणसं येत गेली, आणि एक नवीनच शास्त्र त्यांच्यापुढे उलगडलं. एक बाई चढली की तिच्या शेजारी परका पुरुष बसता कामा नये, म्हणून आधीचा पुरुष उठतो, तो दुसऱ्याच्या शेजारी जातो, दुसरा तिसऱ्याला मागे सरकवतो, आणि हे सगळं एक अक्षर न बोलता होतं. विद्यापीठाच्या मुली तीन खेपांत चढल्या. अबू कुतैबा खिडकीतून मधे, मधून मागे, मागून दारापाशी असे सरकत, अखेर चालकाच्या बाजूच्या इंजिनाच्या गरम उंचवट्यावर येऊन थांबले, आणि तिथून त्यांना हलवायला कुणी आलं नाही. उतरताना त्यांनी पैसे काढले तर चालक म्हणाला, "दिले." मागच्या बाकावरून एक विद्यार्थी छातीवर हात ठेवून अदबीनं हसत होता. त्याच्या कोपराला ठिगळ होतं. एवढी कोवळी दया आपल्यावर कधी कुणी केली नव्हती, या विचारानं अबू कुतैबांचा दिवस खराब गेला.

इकडे वस्तीत विचारमंथन चालू होतं. कोपऱ्यावरचा किराणावाला अबू शहादे, ज्याच्या दुकानापुढच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर इर्बिदचे सगळे गंभीर प्रश्न सुटतात, त्याचं मत पेट्रोलचं होतं. "माणूस पेट्रोलला महाग झालाय. पण ताठ आहे. बोलणार नाही." उस्ताद मुफ्लिहांचं मत असं, की बँक यात आहे. गाडीवर खोळ का घातली? बँकेच्या माणसाला नंबर दिसू नये म्हणून. हे एवढं तर्कशुद्ध होतं की खोडायला जागाच नव्हती. सगळ्यांनी चहात साखर ढवळली.

मग ताटं यायला लागली. उस्तादांच्या घरून भरली द्राक्षपानं. तळमजल्यावरून मक्लूबा, म्हणजे मटण घातलेला भात, पातेल्यासकट. अबू शहादेनं पिशवीत न मागितलेली अंडी घातली आणि विचारलं तर म्हणाला, "कोंबड्या जास्त देतायत हल्ली." पहिले दोन दिवस उम्म कुतैबा खूश होती. तिसऱ्या दिवशी तिनं एक ताट टेबलावर आपटलं.

"अहो, लोक ताटं कधी पाठवतात? घरात कुणी मेलं तर, नाही तर घर बुडालं तर. आपल्याकडे कोण मेलंय?"

अबू कुतैबा मक्लूबा खात होते. त्यांचा घास थांबला.

"हाजी फव्वाजांची माणसं काल अबू शहादेकडे येऊन गेली," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की घरात काहीतरी खरंच बिघडलेलं असे. "मुलाचं लग्न मोडलं ना अबू कुतैबा, तर ती फिल्म तुम्ही आणि ती हॉलंडची बाई दोघं बसून बघा."

ते तसेच चपलांवर दुकानात गेले.

"मी तुमची बाजू जोरात घेतली," अबू शहादे म्हणाला. "सांगितलं, दिवाळं वगैरे सगळं खोटं. त्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"मला काय झालंय?"

"तेच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हृदयाचं किरकोळ. घराण्यात एखाद्याला असतंच."

उस्ताद मुफ्लिहांनीही बाजू घेतली होती. त्यांनी सांगितलं होतं, की अबू कुतैबांनी मुलाच्या लग्नासाठी पायी चालण्याचा नवस केलाय. म्हणजे हाजींकडे आता एक हृदयरोगी, एक नवस आणि एक दिवाळं अशी तीन उत्तरं गेली होती, आणि सुभेदार माणूस तीन उत्तरांवर विश्वास ठेवत नाही. अबू कुतैबांना वाटलं, आत्ता खोळ फाडावी, गाडी काढावी आणि हाजींच्या गल्लीतून भोंगा वाजवत दोन चकरा माराव्यात. ते गाडीपाशी गेलेसुद्धा. पण खोळीच्या दोरीला हात लावतात तोच समोरून आन्नेके बाई, कॅमेरावाला आणि दुभाषी मुलगी पायी येताना दिसले. बाईंना त्यांचं घर पाहायचं होतं.

बाईंनी गाडीवर हात ठेवला आणि विचारलं, "ही कोणाची?"

"शेजाऱ्यांची," अबू कुतैबा म्हणाले.

बाई आणखी एक मागणी घेऊन आल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी तुमचं कुटुंब कसं प्रवास करतं, ते फिल्ममध्ये हवं. अबू कुतैबा म्हणाले की शुक्रवारी तर मुलाची मागणी घालायला जायचंय. "वा, हेच तर हवंय," बाई म्हणाल्या. अबू कुतैबांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून "आपलं घर समजा" असं बाहेर पडलं. या तोंडाला आयुष्यात नकाराचा सराव नव्हता, हाच त्यांचा खरा आजार होता.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर वस्ती रस्त्यावर लोटली. बुडालेल्या शेजाऱ्याच्या मुलाची जाहा फाटकी दिसता कामा नये, असं न ठरवता ठरलं होतं. ज्याच्याकडे गाडी होती तो गाडी घेऊन आला, ज्याच्याकडे दोन होत्या त्यानं मेव्हण्याला बोलावलं, आणि बहुतेक गाड्यांत एकेकच माणूस होता, कारण रांग लांब दिसायला हवी होती. उस्ताद मुफ्लिह जाहाचे प्रमुख. त्यांनी भाषण पाठ केलं होतं आणि घसा राखण्यासाठी सकाळपासून फक्त मरमिय्याच्या पाल्याचा चहा घेतला होता.

"पुढच्या गाडीत, माझ्या शेजारी," ते म्हणाले.

अबू कुतैबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही व्हा पुढे. मी येतो मागून. बसने."

उस्तादांनी त्यांना मिठी मारली आणि कानात म्हणाले, "तुमचा मान मोठा आहे हो. दुसऱ्याच्या गाडीत बसून जायचं नाही तुम्हाला. कळलं मला." त्यांचा राखून ठेवलेला घसा तिथेच दाटून आला. कुतैबाला मात्र काही कळलं नाही. तो नवा सूट घालून एका गाडीत बसला होता आणि वडिलांकडे अशा नजरेनं पाहत होता, की अबू कुतैबांना जमिनीत शिरावंसं वाटलं.

गाड्यांची रांग निघाली आणि पहिल्याच चौकात अडकली. अडकवायला दुसरं कुणी नव्हतंच. पुढचं टोक चौक वळून मागच्या टोकाला येऊन भिडलं होतं आणि आता कुणालाच हलता येत नव्हतं. अबू कुतैबांची कोस्टरही त्याच गर्दीच्या शेपटीला लागली. शेवटी ते उतरले आणि गाड्यांच्या कडेनं चालू लागले. मागे कॅमेरावाला पळत होता. प्रत्येक गाडीची काच खाली होत होती, प्रत्येक जण "बसा" म्हणत होता, आणि ते छातीवर हात ठेवत पुढे जात होते. हाजींचं घर चढावर होतं. ऊन तापलेलं, कोट अंगात, टाय घामानं गळ्याला चिकटलेला.

हाजी फव्वाज दारात भावकीसकट रांगेत उभे होते. शंभर माणसांची वाट पाहत असलेल्या त्या रांगेसमोर एकटे अबू कुतैबा धापा टाकत उगवले. हाजींनी हात पुढे केला, आत नेलं, मानाच्या जागी बसवलं. कॉफीचा पहिला पेला आला.

आणि अबू कुतैबांनी तो पिऊन टाकला.

तहान तशी होती. कडू कॉफी घशाला लागली तेव्हा त्यांना आठवलं. जाहाचा पेला खाली ठेवायचा असतो. आमचं एक मागणं आहे, ते मान्य होईपर्यंत आम्ही तुमच्या कॉफीला तोंड लावणार नाही, असं म्हणायचं असतं. त्यासाठीच तर उस्ताद भाषण पाठ करून बसले होते. जो आधीच प्यायला, त्यानं आपलं मागणं आपल्या हातानं संपवलं. भावकीतला एक म्हातारा दाढीवरचा हात काढायचा विसरला. सगळ्यांचे डोळे हाजींवर गेले.

हाजी बराच वेळ रिकाम्या पेल्याकडे पाहत राहिले.

"मी तुमची चौकशी केली," ते म्हणाले. "सगळं कळलं. तुम्ही सांगू नका."

"हाजी, मी खरं म्हणजे—"

"सांगू नका म्हटलं ना. माणूस बुडतो. माझे वडीलही बुडाले होते, पण ते दुसऱ्याची घोडी मागून लग्नाला गेले आणि मला अजून त्याची लाज वाटते. तुम्ही पायी आलात. मान ताठ ठेवून आलात. आणि माझ्या घरची कॉफी न विचारता प्यायलात. का? फव्वाज मला रिकाम्या हातानं परत पाठवणार नाही, एवढा भरवसा होता म्हणून. असा भरवसा माझ्यावर कुणी ठेवला नव्हता." त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण लष्करात तशी सवय नसते, पण ते वाहत होते. "सनद तुमची. गाड्यांना मुलगी देत नाही मी."

दाराशी तेवढ्यात गाड्यांमधली माणसं पोचली होती. कुतैबाही होता, आणि त्याचा चेहरा लहानपणी ईदला उजळायचा तसा उजळला होता. अबू कुतैबांनी बोलायला तोंड उघडलं. खोळीखाली टाकी भरलेली गाडी आहे, बँकेत चांगली शिल्लक आहे, हृदय ठणठणीत आहे, असं सगळं त्यांच्या ओठावर आलं होतं. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. त्यांना इतकी लाज आणि इतका आनंद एकाच वेळी कधी झाला नव्हता. सगळ्यांत शेवटी उस्ताद मुफ्लिह घाम पुसत आत आले, घसा खाकरून उभे राहिले, आणि समोर रिकामा पेला पाहून सावकाश खाली बसले. ते पुढे दोन महिने अबू कुतैबांशी धड बोलले नाहीत.

फिल्म दाखवली गेली. तीत अबू कुतैबा गाड्यांच्या अफाट रांगेच्या कडेनं एकटे ताठ चालताना दिसत होते, आणि खाली लिहिलं होतं की हे शहर जागं होतंय. निधीचा पुढचा टप्पा आला. संचालकसाहेबांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, आता काढा गाडी.

पण आता ती काढायची कशी? गाडी बाहेर आली की भर भावकीसमोर वाहिलेले हाजींचे अश्रू फुकट गेले. एका पहाटे उम्म कुतैबाच्या भावानं ती गुपचूप आपल्या गावी नेली आणि जैतुनाच्या पिंपांमागे लावली. तिथे मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. तीच अंडी उम्म कुतैबा वानोळा म्हणून अबू शहादेला देते, आणि अबू शहादे गहिवरतो, की एवढ्या हलाखीतही या घरची रीत सुटली नाही.

लग्नानंतर आठवड्याभरातली गोष्ट. अबू कुतैबा कोस्टरमध्ये नेहमीच्या गरम उंचवट्यावर बसले होते, तर दारातून हाजी फव्वाज चढले. छडी, इस्त्रीचा कोट, ताठ मान.

"हाजी, तुमची गाडी?"

"घरी," हाजी म्हणाले आणि जागा शोधत उभे राहिले. "माझे व्याही बसने जाणार आणि मी गाडीनं? लोक काय म्हणतील?"

तेव्हापासून दोघं रोज एकत्र जातात. दोघांनाही बस मनापासून आवडत नाही. हाजींचे गुडघे दुखतात, अबू कुतैबांची पाठ भाजते, पण दोघांपैकी आधी बोलणार कोण? उतरताना भाडं कुणी द्यायचं यावरून रोज ओढाताण होते, आणि चालक इंजिन बंद करून सिगरेट पेटवतो.

पुढच्या वर्षी पुन्हा कार्यशाळा झाली. आन्नेके बाईंनी आनंदानं सांगितलं, की बसने येणाऱ्यांचं प्रमाण या सभागृहात दुप्पट होणार असा त्यांचा अंदाज आहे, आणि त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. संचालकसाहेबांनी खिडकीतून बाहेर आपली गाडी पाहिली. मग पहिल्या रांगेत, गार हवेच्या झोतात, पाहुणे म्हणून बोलावलेल्या हाजी फव्वाजांनी हात वर केला आणि शेजारी पाहिलं. अबू कुतैबांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि आपला हात वर केला. या वेळी तो हलत नव्हता.